वाट पाहण्याची शंभर पानं

पेटालिंग जयाच्या आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर लिफ्टच्या उजव्या हाताला आम्ही राहत होतो आणि डाव्या हाताला काक. काक म्हणजे काका नव्हेत. मलय भाषेत 'काक' म्हणजे ताई. पहिल्याच आठवड्यात माझ्या मुलीने दारातून "आई, काक आल्या" अशी हाक मारली, तेव्हा सासूबाई पदर सावरत लगबगीने बाहेर आल्या. समोर तुडुंग बांधलेली, हातात झाकलेली बशी घेतलेली पंचेचाळिशीची हसरी बाई पाहून त्यांचा जो चेहरा झाला, तो मला अजून आठवतो. बशीत केळ्याची भजी होती. बशी रिकामी परत करायची नाही हा नियम आपल्यासारखाच तिथेही असतो, हे कळलं आणि माझी निम्मी भीती गेली.

यांच्या नोकरीमुळे २००९ ते २०१४ अशी पाच वर्षं आम्ही क्वालालंपूरला खेटून असलेल्या या शहरात काढली. मुलगी शाळेत, हे ऑफिसात आणि मी घरात. वेळ भरपूर. काकांचं, म्हणजे काकचं, घरही तसं शांतच असे. नवरा कामानिमित्त बाहेरगावी असायचा, आठवड्यातून दोन रात्री घरी येई. ती मला 'आदिक' म्हणायची, म्हणजे धाकटं भावंड. मलय शिकायची आहे म्हटल्यावर तिने मला शब्दांची वही वगैरे काही करायला लावलं नाही. आतल्या खोलीतून एक जाडजूड कादंबरी आणून माझ्या हातात ठेवली. "हे वाच. रडलीस की समज, भाषा आली."

त्या कादंबरीचं नाव होतं 'ओम्बाक रिंदू'. ओम्बाक म्हणजे लाट. रिंदू या शब्दाला मराठीत एक प्रतिशब्द नाही. आठवण, ओढ आणि हुरहुर या तिन्हींच्या मधे कुठे तरी तो बसतो. लेखिका फौझिया अशारी. २००२ साली निघालेलं पुस्तक. माझ्या हाती आलेल्या प्रतीचं मुखपृष्ठ चिकटपट्टीने सांधलेलं होतं, कोपऱ्यांना तेलाचे डाग होते आणि पहिल्या कोऱ्या पानावर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत अकरा बायकांची नावं होती. ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांची ती हजेरी होती. बारावं नाव मी घातलं, चार महिन्यांनी.

हा लेख त्या पुस्तकाबद्दल आणि त्यावर निघालेल्या सिनेमाबद्दल आहे. पण ती एकच गोष्ट सांगून भागणार नाही. मलय माणसं आपल्या आवडत्या कादंबऱ्या पडद्यावर कशा नेतात, नेताना काय सांडतं आणि काय नवीन हाती लागतं, हे मला त्या शेजारघरात बसून जेवढं कळलं, तेवढं सांगते.

* * *

मलय भाषा आपल्याला परकी वाटत नाही, याचं कारण तिच्यात संस्कृत शब्दांची खैरात आहे. नवऱ्याला 'सुआमी', बायकोला 'इस्तेरी', गोष्टीला 'चेरिता', गुपिताला 'रहसिया', पापाला 'दोसा'. या लोकप्रिय कादंबऱ्यांचं सगळं कथानक एवढ्या पाच शब्दांत उभं राहतं असं म्हटलं तरी चालेल. पण मला खरा धक्का दिला तो 'सेंगसारा' या शब्दाने. नायिकेच्या तोंडी तो वारंवार येई. अर्थ विचारला तर काक म्हणाली, "हाल. यातना." मूळ शब्द कोणता, तर आपला 'संसार'! समुद्र ओलांडता ओलांडता शब्दाने केवढं सत्य उचललं, असं वाटून मी हसले. काक हसली नाही.

त्या भाषेत आणखी एक गंमत आहे. 'तो' आणि 'ती' यांना शब्द एकच, 'दिया'. क्रियापदालाही लिंग नाही. आपल्याकडे 'वाट पाहत होती' म्हटलं की बाई डोळ्यांसमोर उभी राहते. मलय वाक्यात नुसतं कुणी तरी वाट पाहत असतं. आपण वाचता वाचता त्या जागी आपल्याला बसवतो. सिनेमात ही सोय नाही. पडदा उजळला की चेहरा ठरला, मग तो चेहरा तुमचा उरत नाही.

मलय कादंबरीची सुरुवातच मुळी एका प्रेमकथेने आणि एका बाईच्या नावाने झाली असं मानतात. पेनांगमध्ये सय्यद शेख अल हादी यांनी १९२५-२६ मध्ये 'हिकायत फरीदा हानुम' लिहिली, ती अरबी वळणाच्या जावी लिपीत. गोष्ट घडते इजिप्तमध्ये. मनाविरुद्धचं लग्न, शिकलेली नायिका, स्त्रियांच्या हक्कांची चर्चा असं सगळं तिच्यात आहे. पुस्तक इतकं खपलं की त्या पैशांतून लेखकाने स्वतःचा छापखाना काढला. म्हणजे लोकप्रिय कादंबरी, रडणारी वाचक बाई आणि व्यवहार, तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून एकाच घरात नांदत आहेत.

सिनेमा मात्र कादंबरीकडे उशिरा वळला. मलय चित्रपटाचा सुवर्णकाळ सिंगापुरात घडला. जालान आम्पास या रस्त्यावर शॉ बंधूंचा स्टुडिओ होता. पैसा चिनी, नट मलय आणि दिग्दर्शक पुष्कळसे भारतीय, अशी ती त्रिवेणी होती. १९३४ च्या 'लैला मजनून'चे दिग्दर्शक बी. एस. राजहंस. पुढे बी. एन. राव, एल. कृष्णन आणि आपल्या मुंबईला ओळखीचे फणी मजुमदार. मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी १९५४ साली 'बादबान' काढणाऱ्या या माणसाने पुढच्या दोन वर्षांत सिंगापुरात 'हांग तुआ' हा मलय वीरपुरुषावरचा रंगीत चित्रपट केला. नायक होता पी. रामली, मलय लोकांचा लाडका नट, गायक आणि पुढे दिग्दर्शक. मलय चित्रपटात जागोजागी गाणी का, याचं उत्तर इथं मिळतं. ती सवय आपणच लावली!

पण त्या काळातल्या गोष्टी येत त्या दरबारी बखरींतून, लोककथांतून, 'बांगसावान' नावाच्या संगीत नाटकांतून, नाही तर सरळ हिंदी सिनेमावरून. कादंबरी हे शिक्षकांचं, पत्रकारांचं काम, सिनेमा हे स्टुडिओचं. दोघांची वाट क्वचितच एक होई. सिंगापूरचा तो स्टुडिओ १९६७ मध्ये बंद पडला आणि मलय चित्रपट क्वालालंपूरला आला. पुढच्या पिढीने मग साहित्याकडे गंभीरपणे पाहायला सुरुवात केली.

* * *

त्या गंभीर वाटेवरची एकच कादंबरी वाचायची, तर शाहनोन अहमद यांची 'रांजाऊ सपांजांग जालान' वाचावी. १९६६ ची. नावाचा अर्थ, वाटभर काटे. मी ती अदिबा अमीन यांच्या इंग्रजी अनुवादात वाचली. भाताच्या खाचरांवर जगणारे लाहुमा आणि जेहा, त्यांच्या सात मुली. चिखलात लाहुमाच्या पायात निबुंग झाडाचा काटा शिरतो. पाय सुजतो, अंग सुजतं, माणूस जातो. मग जेहाचं डोकं फिरतं आणि उरतात मुली, खेकडे, पाखरं, पूर आणि पीक. शाहनोन तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा लिहितात. पहिल्यांदा कंटाळा येतो. मग ध्यानात येतं की शेतीचं कामच असं असतं. एक रोप लावलं की दुसरं, मग तिसरं.

या कादंबरीवर १९८३ मध्ये जमील सुलोंग यांनी मलय चित्रपट केला. त्यानंतर अकरा वर्षांनी तिच्यावर दुसरा चित्रपट निघाला तो थेट कंबोडियात. रिथी पान्ह हा दिग्दर्शक ख्मेर रूजच्या राजवटीत घरातली माणसं गमावून फ्रान्सला पोचलेला. त्याने लाहुमाची गोष्ट उचलून युद्धातून उठलेल्या कंबोडियातल्या शेतकऱ्याच्या घरात ठेवली. तो 'राइस पीपल' हा चित्रपट १९९४ मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता आणि ऑस्करसाठी कंबोडियाने पाठवलेला तो पहिला चित्रपट. भाषा बदलली, देश बदलला, नावं बदलली. तरी पुस्तक वाचलेल्या माणसाला ते घर लगेच ओळखू येतं. कारण त्याने घटनांपेक्षा काम दाखवलं. नांगरणी, लावणी, राखण, कापणी. पीक यायला जेवढा काळ लागतो त्याची जाणीव आपल्या अंगात भिनेपर्यंत तो कॅमेरा हलवत नाही.

दुसरं उदाहरण 'जोघो'चं. एस. ओथमान केलांतान यांची मूळ कादंबरी 'जुआरा', म्हणजे अजिंक्य वीर. विषय बैलांच्या झुंजी आणि त्या झुंजींवरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारं वैर. दिग्दर्शक उ-वेई हाजी सारी यांनी १९९७ मध्ये ती पडद्यावर आणताना पहिला बदल केला तो नावात. 'जुआरा' हा पुस्तकी शब्द. मलेशियाच्या ईशान्येला, थायलंडच्या सीमेवर, केलांतानची माणसं त्याचाच उच्चार 'जोघो' करतात. क्वालालंपूरच्या मलय माणसालाही ती बोली धड कळत नाही. पण रिंगणाच्या कडेला उभा राहून बैलावर पैसे लावणारा माणूस प्रमाण भाषेत ओरडेल कसा? पुस्तकात जे कानाआड राहू शकतं, ते सिनेमात ऐकू येतं. ही पुस्तकापेक्षा जास्तीची भर.

तर ही झाली मान्यवरांची वाट. शाहनोन आणि ओथमान दोघेही मलेशियाचे राष्ट्रीय साहित्यिक. त्यांच्यावरचे चित्रपट महोत्सवांत गेले, त्यांवर लेख लिहिले गेले. पण आमच्या इमारतीतल्या त्या अकरा जणींपैकी किती जणींनी ते पाहिले होते? मी विचारलं होतं. एकीनेही नाही.

* * *

बायका वाचत होत्या ते वेगळंच. पाचशे-सहाशे पानांच्या जाड कादंबऱ्या, गुळगुळीत मुखपृष्ठ, प्रेम, सक्तीचं लग्न, श्रीमंत आणि तापट नवरा, सोशिक बायको, शेवटी पश्चात्ताप आणि प्रार्थना. पुस्तकांच्या दुकानात या कादंबऱ्यांच्या भिंतीच्या भिंती असत. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, पोरं झोपल्यावर, वाट्टेल तेव्हा त्या वाचल्या जात. समीक्षक नाकं मुरडत. आपल्याकडे फिरत्या वाचनालयांतून ज्या कादंबऱ्यांचे कोपरे झिजले, त्यांच्याबद्दल आपली विद्वान मंडळी काय बोलत, ते आठवावं.

निर्मात्यांनी मात्र या भिंतीकडे नीट पाहिलं. ज्या गोष्टीला आधीच लाखभर बायकांचा जीव जडला आहे, तिची जाहिरात निम्मी झालेलीच असते. २०१० मध्ये अहादियात अकाशाह यांच्या जुन्या, तरुण पोरांत तुफान गाजलेल्या 'लागेंदा बुदाक सेतान' या प्रेमकथेवर चित्रपट आला. दिग्दर्शक शरद शरण, म्हणजे पुन्हा भारतीय हात. त्याचे पुढे दोन भागही निघाले. आणि १ डिसेंबर २०११ रोजी, ओस्मान अली यांच्या दिग्दर्शनाखाली 'ओम्बाक रिंदू' झळकला. माया करीन, आरोन अझीझ, लिसा सुरिहानी. हाफिझ आणि अदीरा यांनी गायलेलं त्याचं गाणं टॅक्सीत, बाजारात, लिफ्टमध्ये, जिथे जावं तिथे. एक कोटी रिंगिटच्या वर धंदा झाला. त्या वेळी हा पल्ला गाठणारे मलय चित्रपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. इझ्झा ही खेड्यातली देवभोळी मुलगी. मामाकाकांपैकी जो सांभाळणारा, तोच तिला शहरातल्या नाइट क्लबला विकतो. तिथे हारिझ नावाचा श्रीमंत घरचा मुलगा तिच्यावर बळजबरी करतो आणि मग तिला विकत घेऊन एका घरात ठेवतो. ती त्याच्याकडे एकच मागणं मागते: ठेवायचं तर निकाह लावून ठेव, मला पापात ठेवू नकोस. तो लग्न करतो, पण गुपचूप. बायको म्हणून कुठलाही हक्क मागायचा नाही, ही अट. आईला हवी ती सून वेगळीच असते, आणि तिच्याशी त्याचं लग्न राजरोस, वाजतगाजत होतं. इझ्झा त्या घरात वाट पाहत राहते. आणि हळूहळू त्याच माणसावर तिचा जीव जडतो.

वाचताना मला राग आला होता, हे कबूल करते. अत्याचार करणाऱ्यालाच नायक करायचं आणि त्याला प्रेमकथा म्हणायचं? चित्रपट आल्यावर मलेशियातल्या अनेक स्त्रियांनी हाच प्रश्न जाहीरपणे विचारला आणि तो बरोबरच होता. पुस्तकात निदान सगळं इझ्झाच्या मनातून कळत राहतं. तिची किळस, लाज, देवाशी चाललेलं भांडण. पडद्यावर त्या जागी देखणा नट उभा राहिला, पाठीमागे व्हायोलिन वाजलं आणि प्रेक्षागृहातल्या मुली त्याच्यासाठी उसासे टाकू लागल्या. लेखिकेने ज्या माणसाला क्षमा करायला पाचशे पानं घेतली, त्याला कॅमेऱ्याने पहिल्याच दृश्यात क्षमा करून टाकली होती.

* * *

आम्ही सहा जणी मिळून तो सिनेमा पाहायला गेलो होतो. शनिवारचा दुपारचा खेळ, मॉलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर. बाहेर रांगेत आज्या, आया, मुली. मध्यंतर नसतं तिथं, त्यामुळे रडणं सलग. माझ्या डाव्या बाजूची बाई तुडुंगच्या टोकाने डोळे पुसत होती, पुढच्या ओळीत कुणी तरी हुंदके देत होतं. मीसुद्धा रडले. म्हणजे भाषा आली, असं समजायला हरकत नव्हती. उजव्या बाजूला काक बसली होती. तिच्याकडे पाहिलं तर ती कोरड्या डोळ्यांनी, मान जराशी कलती करून पडद्याकडे बघत होती. आपण भाजी घेताना तराजूच्या काट्याकडे बघतो तसं.

परतीच्या वाटेवर सगळ्या जणी एका टपरीवजा हॉटेलात तेह तारिक प्यायला थांबलो. वरून खाली ओतून फेसाळलेला दुधाळ चहा. चर्चा सुरू झाली. पुस्तकातला अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र नीट दाखवलं नाही, नायिका पुस्तकात इतकी गोरी नव्हती. आपल्याकडे २०१३ मध्ये सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर चित्रपट आला, तेव्हा पुण्यात माझ्या भावंडांत फोनवर हेच भांडण चाललं होतं. ज्यांनी पुस्तक कॉलेजात असताना उशाशी घेऊन वाचलं, ते वैतागलेले आणि ज्यांनी वाचलंच नव्हतं, ते थिएटरात शिट्ट्या मारत होते. लोकप्रिय पुस्तकाचा वाचक हा फार कडक परीक्षक असतो. पंडित निदान शैलीची वगैरे सूट देतात, हा एका वाक्याचीही देत नाही.

काक बराच वेळ गप्प होती. मग कप खाली ठेवून म्हणाली, "पुस्तकात तिचं वाट पाहणं शंभर पानांचं आहे. सिनेमात ते एका गाण्यात उरकलं."

बाकीच्या हसल्या. मीही हसले. खरंच होतं ते.

रात्री साडेनऊच्या सुमाराला दार वाजलं. काक. हातात बशी नव्हती. हे टीव्हीसमोर, मुलगी झोपलेली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. "आदिक," ती म्हणाली, "माझं लग्न सीमेपलीकडे झालंय."

मलेशियात मुसलमान पुरुषाला दुसरं लग्न करायचं तर शरिया न्यायालयाची परवानगी लागते. ती मिळणार नसेल, किंवा पहिल्या बायकोला कळू द्यायचं नसेल, तर माणसं दक्षिण थायलंडमध्ये जातात. गाडीने सीमा ओलांडायची, निकाह लावायचा, परत यायचं. नंतर दंड भरून नोंदणी करता येते. पुष्कळ जण करतच नाहीत. हे मला ऐकून ठाऊक होतं. ते शेजारच्या घरात आहे, हे ठाऊक नव्हतं. आठवड्यातून दोन रात्री घरी येणारा तो नवरा बाहेरगावी नोकरी करत नव्हता. त्याच शहरात, वीस मिनिटांच्या अंतरावर, त्याचं घर होतं. बायको होती, मुलं होती. काक चौदा वर्षं वाट पाहत होती. सणाच्या पहिल्या दिवशी तिने त्याच्यासोबत कधी जेवण घेतलेलं नव्हतं. ईदचा पहिला दिवस त्या घराचा.

"मला त्याने मारलं नाही, विकत घेतलं नाही. माझी गोष्ट इझ्झासारखी नाही," ती म्हणाली. "मी राजीखुशीने गेले. पण दुपारचे तीन वाजले की घरात जसं वाटतं ना, ते त्या बाईने बरोबर लिहिलंय. मला वाटलं होतं, ते पडद्यावर येईल."

मी विचारलं, मग आज मला का सांगतेस? पाच-सहा वेळा पुस्तक वाचलंस, तेव्हा कुणाला सांगितलं नाहीस.

ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "पुस्तक मी एकटीने वाचलं. आज एवढी माणसं एका गुपचूप बायकोसाठी रडली. मोजली नाहीत मी, पण खूप होती. मला वाटलं, म्हणजे सांगितलं तरी चालतं."

* * *

काकची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे आणि तिची ओळख पटेल असं काही इथं ठेवलेलं नाही. पण ती रात्र माझ्या मनातून गेली नाही. कादंबरीवरून केलेल्या सिनेमाबद्दल आपण नेहमी एकच प्रश्न विचारतो: पुस्तकासारखा झालाय का? काकच्या दोन वाक्यांनी मला तो प्रश्न अपुरा वाटू लागला. तिने सिनेमाला नापास केलं होतं आणि त्याच सिनेमाने तिचं तोंड उघडलं होतं. दोन्ही एका दिवसात.

आता मला असं वाटतं की पुस्तकातून पडद्यावर नेताना कथानक हरवत नाही. ते तर सगळ्यांत सहज उचलता येतं. हरवतो तो काळ. कादंबरी वाचायला आठवडे लागतात. वाचणारी मधेच पुस्तक उपडं ठेवते, भाताखालचा गॅस बारीक करते, पुन्हा उचलते. नायिका वाट पाहते तेव्हा वाचणारीही वाट पाहत असते. दोन तासांच्या सिनेमाला हे परवडत नाही, म्हणून तो गाणं घालतो. रिथी पान्हने भात पिकवून दाखवलं आणि काळ परत मिळवला. ओस्मान अलींच्या चित्रपटाला ते साधलं नाही. पण रिथी पान्हचा चित्रपट पाहायला काक कधी गेली नसती, हेही तितकंच खरं आहे.

आणि पडदा जे देतो ते पुस्तक देऊ शकत नाही. ते म्हणजे सोबत. चित्रपटगृहाला मलय भाषेत 'पावागाम' म्हणतात. 'पांग्गुंग वायांग गांबार' या शब्दांची आद्याक्षरं जुळवून केलेला शब्द. 'वायांग' म्हणजे तोच जुना बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ. सावल्यांचा खेळ एकट्याने कुणी पाहत नाही. सगळं गाव कापडासमोर बसतं आणि कुणाच्या तरी घरातली गोष्ट सगळ्यांची होते.

त्या चित्रपटाच्या यशानंतर मलय कादंबऱ्यांची रीघच लागली. आयशा सोफिया यांची 'आदम दान हावा' २०१२ मध्ये ऐंशी भागांची मालिका होऊन आली. 'सुआमी आकू उस्ताझ', म्हणजे माझा नवरा धर्मशिक्षक, हा चित्रपट २०१५ चा. रामली अवांग मुर्शिद यांच्या साबाहच्या जंगलातल्या 'तोंबिरुओ'वर २०१७ मध्ये चित्रपट निघाला. शीर्षकांतून 'सुआमी' हा शब्द इतका डोकावू लागला की टिंगल होऊ लागली. मी तेव्हा परत आले होते. पण काक फोनवर प्रत्येकाचा निकाल सांगायची. तिचं मत पक्कं झालं होतं: सिनेमापेक्षा मालिका बरी. "ऐंशी दिवस रोज एक तुकडा. निदान तिला वाट तरी पाहू देतात."

परत येताना तिने मला ती चिकटपट्टीची 'ओम्बाक रिंदू' देऊन टाकली. मी नको म्हणत होते. ती इमारतीची होती, माझी नव्हती. ती म्हणाली, नवीन प्रत घेतली आहे, सिनेमातल्या नटांचं चित्र असलेल्या मुखपृष्ठाची, बायकांना तीच हवी असते. पुण्यात आल्यावर पुष्कळ दिवसांनी मी पुस्तक पुन्हा उघडलं. मधल्या भागात एका पानाच्या समासात पेन्सिलीची बारीक रेघ होती, पुढच्या पानावर दुसरी, मग तिसरी. पूर्वी मला वाटलं होतं, कुणा पोराने गिरगटलं असेल. आता मोजून पाहिलं. रेघा जिथून सुरू होतात, तिथून इझ्झा त्या घरात एकटी राहायला लागते. संपतात, तिथे हारिझ परत येतो.

शंभर पानं नव्हती ती. सदतीस होती. मी काकला फोनवर तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "असेल. मला शंभर वाटली."